पडवीतल्या कामासाठी वाइस कोणता घ्यावा, आणि क्लॅम्प किती?

पडवीकर

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ गावच्या घराच्या पडवीत थोडं सुतारकाम, थोडं फिटिंगचं काम सुरू करतोय. फार मोठं काही नाही. जुन्या खिडक्यांच्या झडपा दुरुस्त करायच्यात, दोन-तीन मांडण्या करायच्यात, आणि सायकल, पंप, कोयत्याची मूठ, गेटचं बिजागर असलं सटरफटर तर चालूच असतं. आतापर्यंत पायरीवर फळी ठेवायची, वर गुडघा दाबायचा आणि करवत मारायची असं चाललंय. गुडघ्याने आता हात वर केलेत.

टेबल आहे. आजोबांच्या वेळचं, फणसाच्या दीड इंची फळ्यांचं, चार माणसं लागल्याशिवाय हलत नाही. त्याला वाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा, बसवायचाय. बाजारात गेलो तर दुकानदाराने सहा इंची, खाली फिरणारा, मागे छोटी ऐरण असलेला निळाशार वाइस पुढे केला. "हा न्या, परत बघायला नको." शेजारचा वेल्डर म्हणतो चार इंची पुष्कळ झाला. आमचे सुतार म्हणतात, वाइस कशाला, लाकडाला शिकंजे, म्हणजे क्लॅम्प, लागतात.

वाइस आणि क्लॅम्प मिळून सात हजारांत बसवायचंय. पैसे कशात जास्त घालू? एकाच वाइसवर लोखंड आणि लाकूड दोन्ही होतं का? आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, तर गंजाचं काय करता तेही सांगा. भाऊ दिवाळीला अमेरिकेहून येतोय, त्याला काही आणायला सांगण्यासारखं आहे का?

घाटमाथा

सहा इंचीच घ्या. मोठ्या वाइसमध्ये लहान काम धरता येतं, लहान वाइसमध्ये मोठं धरता येत नाही. विषय संपला.

निवृत्त टूलरूमवाला

घाटमाथा, इतक्यात नका संपवू.

पडवीकर, भोसरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी गेली, आणि आता घरी पार्किंगच्या कोपऱ्यात तुमच्यासारखंच सटरफटर करतो. तुमच्या कामाची यादी वाचली. त्यात सहा इंची जबडा लागेल असं काहीच नाही. पंपाचा शाफ्ट, सायकलचा एक्सल, बिजागर, पट्टी, अँगल. चार इंचीत सगळं मावतं. सहा इंची हे माप जबड्याच्या रुंदीचं असतं, तो किती उघडतो त्याचं नाही, हे दुकानदार सांगत नाही. एवढ्या रुंद जबड्यात लहान तुकडा धरला की कानस मारताना हात दोन्ही बाजूंना जबड्याला अडतो. सहा इंची घ्यायचा तर चांगला घ्यावा लागतो, आणि सात हजारांत चांगला सहा इंची घेतलात तर क्लॅम्पला काही उरत नाही. स्वस्तातला सहा इंची म्हणजे नुसतं वजन. तेवढ्याच पैशात चार इंची नीट मशिनिंग केलेला मिळतो.

फिरता नको. खालच्या चकतीला दोन बोल्ट असतात, ते कितीही आवळा, जोर लावून हॅकसॉ मारलीत की शेपूट हलतं. त्यात चकतीमुळे वाइस इंच-दीड इंच वर जातो. फिक्स बेसचा घ्या. आमच्या टूलरूममध्ये फिरता एकच होता, तोही कुणी फिरवल्याचं आठवत नाही. मागच्या ऐरणीचंही तसंच. बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे ती, तिच्यावर खिळा सरळ करा, पट्टी ठोकून वाकवू नका.

आता दुकानात काय बघायचं. रंग बघू नका, रंगाखाली पुटी भरलेली असते. हँडल फिरवून जबडा दोन इंच उघडा. मग पुढचा जबडा हाताने धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडी ढिलाई प्रत्येकात असते. खटखट आवाज आला तर पुढच्याकडे वळा. मग हँडल उलट-सुलट करा: जबडा हलायला लागण्याआधी हँडल किती मोकळं फिरतं? पाव फेरा चालेल. अर्ध्या फेऱ्याहून जास्त असेल तर नट आणि स्क्रूचं जमत नाही, नवीन असतानाच.

नंतर खिशातून कागदाच्या दोन पट्ट्या काढा. दुकानाच्या पावतीच्याही चालतात. एक जबड्याच्या डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला, आणि हलकेच आवळा. दोन्ही पट्ट्या ओढून बघा. एक घट्ट बसली आणि दुसरी सुटून आली तर जबडे समांतर नाहीत. मग पट्ट्या काढून जबडे पूर्ण मिटवा आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारा. वरच्या कडेला जबडे टेकलेत आणि खाली बारीक उजेड दिसतोय, हे चांगलं लक्षण. आवळल्यावर पुढचा जबडा वर उचलला जातो, त्याची सोय चांगला कारागीर आधीच ठेवतो. उजेड वर दिसला तर पातळ पत्रा त्यात कधीच नीट धरला जाणार नाही.

शेवटी जबड्याच्या पोलादी पट्टीच्या कोपऱ्यावर जुन्या कानशीचा एक हलका हात. कानस घसरली तर पट्टी हार्डन केलेली आहे. चावली तर मऊ आहे, वर्षभरात दाते जातील. दुकानदार ओरडेल. ओरडू दे. पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असावी, म्हणजे पुढे बदलता येते. जबड्यासकट एकाच ओतकामाचा असेल तर घेऊ नका.

बसवण्याबद्दल. लाकडी स्क्रूंनी बसवू नका, आरपार बोल्ट टाका. फणसाची दीड इंची फळी उत्तम आहे, पण खालून मोठे वॉशर किंवा लोखंडी पट्टी घाला, नाहीतर नट लाकडात रुततात. जागा टेबलाच्या पायावरच, दोन पायांच्या मधोमध नको. मध्ये बसवलात तर घाव घातल्यावर फळी थरथरते आणि अर्धा घाव तिथेच जिरतो. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर उजव्या पायावर बसवा, म्हणजे लांब पट्टीचं डावीकडचं टोक टेबलावर आधाराला येईल.

आणि ज्याच्यात बहुतेक जण चुकतात ते हे: मागच्या, म्हणजे न हलणाऱ्या जबड्याची पट्टी टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर आली पाहिजे. पाव इंच पुरतं. का? उद्या तुम्ही चार फुटी पाइप उभा धरायला जाल. पट्टी कडेच्या आत असेल तर पाइप टेबलाला अडेल, खाली जमिनीपर्यंत सोडताच येणार नाही.

उंचीसाठी, वाइससमोर ताठ उभे राहा, हात कोपरात दुमडून मूठ हनुवटीखाली टेकवा. कोपर जबड्याच्या माथ्याला लागलं की कानशीच्या कामासाठी उंची बरोबर. आयटीआयमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. आजोबांचं टेबल बुटकं असेल तर वाइसखाली लाकडाचा ठोकळा घाला, टेबलाच्या पायांना विटा लावू नका.

हँडलला पाइप लावायचा नाही. हा एकच नियम भिंतीवर लिहून ठेवा. का ते हिशेबाने सांगतो. समजा हँडलच्या टोकाला तुम्ही २० किलोचा जोर लावला, मध्यापासून टोक २० सेंटीमीटरवर आहे आणि एका फेऱ्यात जबडा ५ मिलिमीटर सरकतो. कागदावर जोर होतो पाच टन. घर्षणात त्यातले पाऊण गेले तरी जबड्यावर सव्वा टन पडतो. कारखान्याने हँडलची लांबी ठरवली ती हे बघूनच. त्यावर दुप्पट लांबीचा पाइप चढवलात की सरळ अडीच टन, आणि तुटतो तो आतला नट, जो दिसत नाही आणि सहज मिळतही नाही. हँडलवर हातोडा मारणं हा त्याचाच भाऊ.

लहान तुकडा जबड्याच्या एका टोकाला धरावा लागला तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला. नाहीतर पुढचा जबडा तिरका होतो आणि तसाच वापरत राहिलात तर कायमचा तिरका होतो. ड्रिलची जुनी बिटं, मापाच्या पट्ट्या असं एका डब्यात जवळ ठेवा.

पैशांचं म्हणाल तर तीन हजारांच्या आसपास वाइसला, बाकी सगळे क्लॅम्पला. लाकडाचं जाणकार सांगतील, माझा जन्म लोखंडात गेला.

पडवीकर

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, फार आभार. कागदाच्या पट्ट्या खिशात ठेवल्यात. एक राहिलं. पॉलिश केलेला शाफ्ट किंवा लाकडाचा तुकडा धरला की जबड्याचे दाते उमटतात. त्याला काय करायचं? आणि लाकडाची लांब फळी या वाइसमध्ये धरून रंधता येईल का?

निवृत्त टूलरूमवाला

अ‍ॅल्युमिनियमचा दीड इंची अँगल आणा, खिडक्या करणाऱ्याकडे तुकडे पडलेले असतात. जबड्याच्या रुंदीचे दोन कापा आणि जबड्यांवर उलटे बसवा. झालं. घसरत असतील तर मागून छोटी चुंबकं चिकटवा. लाकडासाठी जुन्या चपलेचं चामडं किंवा प्लायचे तुकडे. गोल शाफ्टसाठी सागाच्या दोन तुकड्यांत मधोमध व्ही आकाराची खाच मारून ठेवा, ते तुकडे जपून वापरलेत तर पुष्कळ टिकतात.

लांब फळी धरता येईल. रंधता येणार नाही. का ते ताई सांगतील, आल्याच वाटतं.

रंधेवाली (नाशिक)

आलेच काका.

पडवीकर, काकांचा वाइस टेबलाच्या वर उभा असतो. त्यात चार फुटी फळी धरली तर तिचं एक टोक जबड्यात आणि बाकी सगळी फळी हवेत. रंधा मारला की टोक डुलतं आणि कड लाटांची होते. सुताराचा वाइस टेबलाच्या खाली बसतो, जबड्याचा माथा टेबलाच्या पातळीला, आणि मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या सरळ रेषेत. म्हणजे फळीची अख्खी लांबी टेबलाच्या कडेला टेकून बसते. शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीचा ५२ नंबर हा त्यातला जुना नमुना, दोन गज आणि मध्ये स्क्रू. तसेच इथलेही मिळतात. त्याच्या लोखंडी जबड्यांना आतून लाकडाच्या फळ्या लावायच्याच, त्याशिवाय तो अर्धवट.

पण तुमच्या सात हजारांत तो बसवू नका. त्याऐवजी तुमच्या फणसाच्या टेबलासाठी एक जुगाड सांगते, माझ्याकडे तेच आहे. दोन इंच जाड, सहा इंच रुंद, अडीच फूट लांब अशा दोन फळ्या. दोन्हींना टोकांजवळ १६ मिलिमीटरच्या आटेवाल्या गजाची भोकं. मागच्या फळीत गज नटाने पक्के करायचे, पुढची फळी त्यांवर मोकळी सरकते, बाहेरून मोठे नट आणि वॉशर. पुढच्या फळीची भोकं थोडी लांबट ठेवा, म्हणजे तिरकी फळीही धरता येते. हे सगळं टेबलाच्या कडेला दोन जी क्लॅम्पनी (इंग्रजी जी अक्षरासारखे, खालून स्क्रू आवळायचे) दाबून बसवायचं, काम झालं की भिंतीला टांगून ठेवायचं. दोन स्क्रूंच्या मध्ये फूट-सव्वा फूट मोकळी जागा मिळते, खिडकीच्या झडपेची चौकट उभी धरायला ती फार उपयोगाची. स्क्रू एकच असलेल्या वाइसमध्ये झडप मध्ये जाऊच शकत नाही, कारण स्क्रूच आडवा येतो.

आता तुमचे सुतार म्हणतात ते शिकंजे. त्यांचं खरं आहे. झडप दुरुस्त करताना खाच आणि कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) एकत्र बसवून दाबायला लांब क्लॅम्पच लागतात, वाइस तिथे बघायलाही येत नाही.

किती घ्यायचे याचा सरळ हिशेब आहे. आपल्या लाकडांना गोंद लावून सांधा दाबायला चौरस सेंटीमीटरला साधारण १० किलो जोर लागतो, साग-बाभळीसारख्यांना त्याहून थोडा जास्त. चार फूट लांब, दोन सेंटीमीटर जाड अशा दोन फळ्या कडेला कड जोडायच्या, तर सांध्याचं क्षेत्रफळ १२० गुणिले २, म्हणजे २४० चौरस सेंटीमीटर. जोर हवा दोन हजार चारशे किलो. बरा एफ क्लॅम्प (लांब दांड्यावर एक जबडा सरकणारा) हाताने आवळून चारशे-पाचशे किलो देतो. म्हणजे पाच-सहा लागले. म्हणूनच जुने सुतार सांगतात, क्लॅम्प कितीही असू देत, एक कमीच पडतो. लोक दोन क्लॅम्प लावतात, तळहात लाल होईपर्यंत पिळतात, आणि सांधा क्लॅम्पखाली मिटतो, मध्ये उघडा राहतो. जोर क्लॅम्पपासून साधारण ४५ अंशात पसरत जातो, त्यामुळे मध्ये जाड सरळ पट्टी घातली तर तोच क्लॅम्प जास्त लांबी दाबतो. पट्टीला बाहेरून सेलोटेप लावा, नाहीतर तीही गोंदाने चिकटेल.

सगळे क्लॅम्प एकाच बाजूने लावू नका. एक वरून, एक खालून, आलटून-पालटून. दांडा एकाच बाजूला असला की आवळताना फळ्या मधोमध वर फुगतात.

गोंद लावायच्या आधी कोरडं जोडून बघायचंच. सगळे क्लॅम्प लावा, किती उघडायचे ते ठरवा, ओल्या हाताने शोधाशोध नको. मग गोंद. आवळत जा आणि सांध्याकडे बघा: सगळीकडे बारीक मोत्यांसारखे थेंब आले की थांबा. धार लागली तर गोंद जास्त झाला. एका ठिकाणी काहीच आलं नाही तर तिथे क्लॅम्प हवा. झडपेची चौकट असेल तर लगेच टेपने दोन्ही कर्ण मोजा. एक कर्ण तीन मिलिमीटर लांब निघाला तर क्लॅम्प त्या लांब कर्णाच्या दिशेने किंचित तिरका करायचा आणि पुन्हा मोजायचं. काटकोन्या एका कोपऱ्यात ठीक दाखवतो आणि चौकट तरी वाकडी असते. कर्ण खोटं बोलत नाहीत.

तुमच्याकडच्या हवेत खिडकीला साधा फेव्हिकॉल नको, मरीन वापरा. पावसात झडपा फुगलेल्या असताना रंधू नका, नोव्हेंबरात ढिल्या होतील. आणि लोखंडी दांडा ओल्या गोंदाला लागून रात्रभर राहिला की सकाळी लाकडावर काळा पट्टा. लाकडातल्या टॅनिनची आणि लोखंडाची ती करामत. बाभूळ आणि खैर तर विचारू नका. दांड्याखाली दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक घाला.

माझं मत: चार जी क्लॅम्प चार इंची, चार एफ क्लॅम्प दोन फुटी, आणि लांबीसाठी पाइप क्लॅम्पचे जोड (नुसते दोन जबडे, दांड्याच्या जागी आपला साधा पाइप). त्याहून जास्त आत्ता नको. झडपा किती लांबीच्या आहेत ते आधी मोजा, त्याप्रमाणे पाइप कापता येतो.

घाटमाथा

बरं, चार इंची तर चार इंची. पण ताई, एवढे क्लॅम्प एकदम घेण्यापेक्षा पाचर का नाही? आमच्या गावचे सुतार अख्खं दार पाचरीवर जोडायचे.

रंधेवाली (नाशिक)

शंभर टक्के. मला सुचायला हवं होतं, पण तुम्ही सांगितलंत ते बरं. जाड फळीवर दोन ठोकळे पक्के ठोकायचे, दाराच्या रुंदीपेक्षा दोन-तीन इंच जास्त अंतरावर. दार मध्ये ठेवायचं आणि उरलेल्या जागेत दोन पाचरी एकमेकींना उलट्या घालून दोन्ही बाजूंनी ठोकायच्या. पाचर फूटभर लांब आणि टोकाशी दीड इंच जाड, त्याहून उभी केली तर सुटून येते. फुकटात मिळणारा हा सगळ्यात ताकदवान क्लॅम्प. गैरसोय एवढीच की प्रत्येक मापाला ठोकळे हलवावे लागतात.

गोल किंवा वाकड्या वस्तूंना सायकलची जुनी ट्यूब. लांब पट्टी कापून ताणत ताणत गुंडाळायची. चिरलेली मूठ, खुर्चीचा पाय, ढोलकीचं खोड, काहीही. तुमच्याकडे सायकल आहेच.

मिशिगनवाला

भावाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. इकडे पाइप क्लॅम्पचे जोड सगळ्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात, पाऊण इंची आणि अर्धा इंची पाइपचे. शंका येते ती आट्यांची, कारण इकडचे पाइपाचे आटे वेगळ्या मानकाचे आणि भारतातल्या जीआय पाइपचे ब्रिटिश मानकाचे. पण या दोन्ही मापांत इंचाला आटे दोन्हीकडे १४च आहेत, फरक आट्याच्या कोनाचा, ६० आणि ५५ अंश. पाणी आणायचं असतं तर गळलं असतं, क्लॅम्पला चालतं. एक इंचीला मात्र इकडे साडेअकरा आणि तिकडे ११, तो आणवू नका. पाऊण इंचीचे जोड आणवा, पाइप गावात कापून एका टोकाला आटे पाडून घ्या. प्लंबरला दोन मिनिटांचं काम. वजन सामानात मोजावं लागेल तेवढं लक्षात ठेवा, हे बिडाचे असतात. भारतातही मिळतात आता, त्यामुळे भावाच्या बॅगेत जागा असेल तरच.

शिरोली ओतकाम

काकांनी बिडाचा विषय काढला म्हणून दोन ओळी. कोल्हापुरात ओतकामात आहे. वाइस दोन प्रकारच्या धातूचे येतात, आणि डब्यावर ते लिहिलेलं असतं. साधं करडं बीड, त्यात ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, ओढीला आणि घावाला तिथूनच चीर जाते. त्याची एफजी २०० ही प्रत म्हणजे चौरस मिलिमीटरला २०० न्यूटनची ओढ सोसेल, पण वाकणार अजिबात नाही, थेट तुटेल. दुसरं एसजी बीड, त्यात मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे गोळे करतात. एसजी ५००/७ म्हणजे ५०० न्यूटन, आणि तुटण्याआधी ७ टक्के ताणलं जाईल. ज्याला ठोकायचंय त्याने एसजी घ्यावा, दाम थोडा जास्त पडतो. ज्याला फक्त धरायचंय, कानस-करवत मारायचीय, त्याला बीड पुष्कळ झालं. उलट बीड थरथर जास्त चांगली जिरवतं. ठोकाठोकी करायचीच असेल तर मागच्या जबड्याच्या दिशेने ठोका, पुढच्यावर कधीच नको.

पडवीकर

सगळ्यांचे आभार. आता एक नवीनच. चिपळूणच्या बाजारपेठेत एक गॅरेज बंद होतंय, त्यांच्याकडे चार इंची जुना वाइस आहे, फिक्स बेसचा, हँडलवर शेफिल्डची खूण. पण जुलै २०२१ च्या पुरात तो पाण्याखाली होता. वाशिष्ठीचा गाळ आत गेलेला असणार. नव्यापेक्षा अर्ध्या किमतीत देतायत. घ्यावा का? आणि गंजाबद्दल कुणीच बोललं नाही.

निवृत्त टूलरूमवाला

पुराने बीड खराब होत नाही. घ्यावा. पण बघून.

हँडल उलटं फिरवत राहा, पुढचा जबडा पूर्ण बाहेर निघेल. न फिरला तर घाई नको. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल, स्क्रूवर आणि मागून नटात सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. निघाल्यावर आत टॉर्च मारून नट बघा. गाळ असेल तर असू दे, ब्रशने निघतो. नटाचे आटे चौकोनी कडांचे हवेत. टोकाला सुरीसारखे धारदार झाले असतील तर नट संपला. लेथवाल्याकडून नवा करून मिळतो, पण तो खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला.

मग चीर. मागच्या जबड्याच्या मुळाशी आणि बोल्टच्या भोकांभोवती रंग खरवडा, रॉकेल पुसून लावा, अर्धा तास मुरू द्या. कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. हातोड्याने हलके टकटक करा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. रेघ उमटली की नमस्कार करून निघा. वेल्डिंगचा डाग कुठे दिसला तरी निघा, बीड घरगुती वेल्डिंगने नीट जुळत नाही.

गंजासाठी: वाइसवर प्लास्टिक झाकू नका, आत दव साठतं. मशीन ऑइलचं फडकं फिरवून सुती कापड टाका. ग्रीस फक्त खाली स्क्रूला आणि नटाला, उघड्या भागाला नको. तुमच्याकडे लाकडाचा भुसा उडणार, तो ग्रीसमध्ये मिसळला की आटे झिजवणारा लेप तयार होतो. क्लॅम्पच्या दांड्यांना मेणबत्ती घासा. मेणावर गोंद चिकटत नाही आणि गंजही लवकर धरत नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. ड्रिल मारताना पत्रा हाताने धरायचा नाही. बिट भोकातून बाहेर पडताना अडकतं आणि पत्र्याचा पंखा होतो. लाकडाच्या तुकड्यावर ठेवायचा, जी क्लॅम्पने दाबायचा, मग भोक. एवढ्यासाठी एक जी क्लॅम्प ड्रिलजवळ कायमचा बांधून ठेवा.

पडवीकर

काका, खडू लावला. मागच्या जबड्याला काही नाही, पण बोल्टच्या एका भोकापासून कडेच्या दिशेने रेघ आली, बोटभर लांब. गॅरेजवाला म्हणतो, तिथे जोर येत नाही, तीन बोल्टवर चालवा, आणखी पाचशे कमी करतो.

शिरोली ओतकाम

बेसच्या कानाला चीर असेल तर जबडा सुरक्षित आहे हे खरं. पण बोल्ट आवळताना कान तिथेच ताणला जातो, चीर पुढे सरकेल. चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलंत तर ती थांबते. चीर गेलेल्या बोल्टच्या भोकात बोल्ट टाकू नका, त्याऐवजी कानावरून लोखंडी पट्टी आडवी टाकून दोन्ही बाजूंनी टेबलात बोल्ट करा, म्हणजे कान दाबाखाली राहील, ओढीखाली नाही. दाबाला बीड खूप चांगलं.

निवृत्त टूलरूमवाला

शिरोलीकरांनी बरोबर सांगितलं. नटाचे आटे चांगले असतील तर घ्या. पट्टी १० मिलिमीटर जाड घ्या, त्याहून पातळ वाकेल. पाचशे नाही, हजार कमी करायला सांगा, पट्टी आणि बोल्टचे पैसे त्यातच काढायचेत.